उंबऱ्याबाहेरची सायकल

सांगवी, तालुका बारामती
९ फेब्रुवारी १९३६

सारजा,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी जे डोक्यात हाय ते लिहितो, न्हायतर डोकं फुटंल.

बारामतीच्या पेठेतला गुळाचा व्यापारी मोहनराव तुझ्या त्या कोकणात सुपारी बघायला गेला व्हता. परवा आला तो सरळ आपल्या खंडोबाच्या देवळात येऊन टेकला आन् चारचौघांत म्हणाला, "दत्तोबा, तुमची लेक बघितली. दापोलीकडनं हर्णैला जाताना आसूदचा उतार लागतो, तितं आमच्या छकड्याच्या बाजूनं सायकलीवर गेली. बैल बुजलं की आमचं." बैल बुजलं ह्याचंच त्याला वाईट वाटलं. बापाचं काय झालं असंल ते त्याच्या ध्यानात बी आलं न्हाय.

सतराव्या वर्षी तू नवरा गमावून सासरच्या कळंबासनं माघारी आलीस. लोकं म्हणाली, दुसरं घर करून द्या. तू न्हाय म्हणालीस, मग मी बी न्हाय म्हणालो. पुण्याला धाडून तुला नर्स केली. दापोलीच्या दवाखान्यात नेमणूक झाली तवा तुझ्या आईनं जेवण सोडलं, तरी म्हणालो जाऊ दे, पोरगी लोकांच्या बाळंतपणाला उपयोगी पडतीया. ह्यापायी कुणाकुणाचं काय काय ऐकून घेतलं ते माझं मला ठावं. पण ह्या सगळ्यात सायकल कुठं व्हती? नऊवारीचा काष्टा घालून बाईमाणसानं लोखंडावर बसायचं आन् डोंगरातनं भरधाव यायचं, ह्ये पुण्यात शिकवलं व्हय?

आता पुढचं ऐक. तुझा शेळगावचा मामा आप्पासाहेब तवा देवळातच व्हता. त्याला ठावंच हाय, माझी कळ कुठली. म्हणाला, "दाजी, पोरीला शिकवली, बरं केलं. आता ती उंबऱ्यातनं सायकल घेऊनच आत येईल आन् तुमी घंटी ऐकून बाजूला व्हाल." सगळी हसली. देवाचं ताट समोरच व्हतं. मी बेल-भंडारा उचलला आन् देवापुढं बोललो की जे माणूस सायकलवर बसतं, त्यानं 'सायकल सोडली' असं तोंडानं म्हटल्याबगर माझा उंबरा ओलांडायचा न्हाय. मग ते कुणी का असंना.

बेल-भंडारा उचलून बोललेलं माघारी घेता येत न्हाय. आपल्यात आजवर कुणी घेतलेलं न्हाय. तवा उगं वाद घालू नको. सोडली म्हणून दोन वळी लिही आन् सुट्टी मिळंल तवा घरी ये. तुला बघून वरीस झालं. तुझी आई माझ्याशी बोलत न्हाय, भांड्यांशी बोलतीया.

आशीर्वाद सायकल सोडल्यावर.

तात्या

---

सांगवी
२२ मार्च १९३६

सारजा,

तुझं पत्र आलं. चार पानं. मी एक विचारलं व्हतं, ते सोडून सगळं लिहिलंस.

तू लिहितीस, "तात्या, दापोलीहून निघालं की आसूदपर्यंत उतारच उतार. रस्ता तांबडा. दोन्ही बाजूंनी सुपारीच्या वाड्या, त्यांतून पाणी खळखळतं ते चाकावर बसूनही ऐकू येतं. आंजर्ल्याच्या खाडीत सायकल होडीत आडवी घालून पलीकडे न्यायची. मग केळशीपर्यंत डोंगराच्या कडेनं वाट आहे, वळलं की समुद्र, पुन्हा वळलं की समुद्र. दिवसभरात एखादी गाडी भेटली तर भेटली. इतका शांत रस्ता आपल्याकडे नाही." पुण्याची भाषा लई छान शिकलीस. मी तुला सायकल सोडलीस का ते विचारतो आन् तू मला समुद्र दाखवतीस. पालथ्या घड्यावर पाणी.

आन् रस्ता शांत हाय ह्ये तू कौतुकानं सांगतीस? शांत म्हंजी काय, तर माणूस न्हाय. माणूस न्हाय म्हंजी पडलीस तर उचलायला कुणी न्हाय. आपल्या बारामतीच्या रस्त्याला कितीबी गडबड असू दे, गुळाच्या गाड्या, मेंढरं, बाजाराची माणसं, पण ठेच लागली तरी दोघं धावत्यात. मला शांत रस्त्याचं कौतुक सांगू नको. शांत मसणवाट बी असती.

कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेली सुपारी, बायका हात करत्यात, पोरं घंटी वाजवा म्हणून मागं लागत्यात, ह्ये सगळं तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवावं लागलं. ती म्हणाली तिसऱ्यांदा वाचा. मी म्हणालो मला मोट जुपायची हाय. तर म्हणाली, "मोट पळून जात न्हाय." माझ्याशी बोलली ती एवढंच बोलली, ते बी तुझ्यापायी.

एक गोष्ट मातुर तिला वाचून दाखवली न्हाय. तू लिहिलंस, "या वाटेवर मी कुणाची कोण, हे मला कुणी विचारत नाही. पुण्यात विचारायचे. कळंबात विचारायचे. आपल्या सांगवीतही विचारतात. इथे नर्सबाई आली म्हणतात आणि चुलीपाशी जागा करतात." आगं, विचारलं तर सांगायचं की, सांगवीच्या दत्तोबाची म्हणून. मी अजून जित्ता हाय. त्यासाठी सायकलवर बसून डोंगरात पळायला कशाला लागतंय?

पोटऱ्या दुखत्यात म्हणतीस. दुखणारच. खोबरेल कोमट करून लाव. ह्याचा अर्थ मी सायकलीला मान डोलावली असा न्हाय.

आशीर्वाद राहू दे.

तात्या

---

सांगवी
३ जून १९३६

सारजा,

ऊस वाळायला लागलाय, पाटाच्या पाण्याची पाळी लांबलीया, वांग्यांवर कीड पडलीया. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं तुझं पत्र आलं.

तू म्हणतीस, मार्गशीर्षात सुट्टी मिळतीया, चंपाषष्ठीला खंडोबाच्या जत्रेला येते. वाचून तुझ्या आईनं डोळ्याला पदर लावला. मी बी म्हणालो, चला, पोरगी शहाणी झाली. पुढची वळ वाचली आन् बसलो तितंच. "सायकलवरच येईन. मंडणगडावरून महाड, महाडातून वरंध घाट चढून भोर, मग शिरवळ, लोणंद, नीरा. नीरेपासून पाटाच्या भरावानं थेट माळेगाव आणि सांगवी. घाट चढताना सायकल ढकलावी लागेल, बाकी रस्ता सुरेख आहे." तुला काय म्हणावं? एकटी बाई, वरंध घाट, आन् मनाला येईल तितं मुक्काम. नकाशा दिलाय कुणी तुझ्या हातात? मोटार हाय, आगगाडी हाय, चारचौघांसारखं बसून यावं.

सायकल सोडणार न्हाय असं स्पष्ट लिहिलंस ते एक बरं केलंस. खोटं बोलली न्हायेस. पण मग तू येणार आन् दारात उभी राहणार. तुझा मामा बघणार. गाव बघणार. तुझी आई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्याच्या आत आन् तू बाहेर. ह्ये चित्र तुला दिसतंय का? मला रोज दिसतंय.

आन् वर मला विचारतीस, "तात्या, तुम्ही कधी बसलात का सायकलवर? न बसता कसं म्हणता वाईट?" इखाची परीक्षा घेऊन बघायची असती व्हय? मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. ह्या वयात मी चाकावर बसू?

कोकणात आता पाऊस लागंल. उतारावर वल्ल्या रस्त्याला पुढचा ब्रेक एकटा दाबायचा न्हाय, आधी मागचा, मग दोन्ही. ब्रेकचं रबर गुळगुळीत झालं असंल तर पावसाच्या आत बदल. ह्ये मला बारामतीत सायकली भाड्यानं देणारा जोतीराम म्हणून हाय, त्यानं सांगितलं. मी त्याच्याकडं मुद्दाम गेलो न्हवतो. बियाणं आणायला गेलो व्हतो, दुकान वाटंत लागतं.

रागात हाय. आशीर्वाद न्हाय.

तात्या

---

सांगवी
२० सप्टेंबर १९३६

सारजा,

सगळा पावसाळा गेला आन् तुझं एक पत्र न्हाय. दोन वळी लिहायला काय हात झिजतात? तिकडं दरडी कोसळत्यात, खाड्या भरत्यात, ह्ये मी मोहनरावाला विचारून विचारून त्याचा जीव काढला. आता तो मला बघून दुकानाच्या आत जातो.

मग आलं तुझं पत्र. उंबरशेताच्या का कुठल्या वाडीवर बाई अडली व्हती, खाडीला उधाण, होडीवाला न्हाय म्हणत व्हता, तू सायकल होडीत टाकून बसलीस आन् म्हणालीस चल. पोरगी झाली, दोघी बऱ्या हायेत. चांगलं झालं. मनापासनं सांगतो, चांगलं झालं. तुझ्या आईनं ही गोष्ट साऱ्या आळीला सांगितली. सांगताना सायकल वगळली.

माझं आता सांगतो. तुझ्या त्या एका प्रश्नानं माझी झोप गेली. न बसता कसं वाईट म्हणता. कोर्टात सुद्धा ज्यानं डोळ्यानं बघितलं त्याचीच साक्ष चालती. मी म्हणालो ठीक हाय. बसून बघतो, हातपाय मोडून घेतो, आन् मग तुला लिहितो की बघ, मी स्वतः बसलो, ही चीज वाईट हाय. मग तुझ्याकडं उत्तर राहणार न्हाय. तुला गप्प करायला म्हणून मी बसलो, ह्ये ध्यानात ठेव.

जोतीरामाला म्हणालो, गावात न्हाय, पाटाच्या भरावावर शिकव. तितं कुणी नसतं. तो म्हणाला, "तात्या, मोट हाकताना तुमी मागं मागं येता ना बैलांसंगं? हितं मागं बघायचं न्हाय." मी मागं बघितलं. पडलो. दुसऱ्यांदा बाभळीत गेलो. तिसऱ्यांदा उसात गेलो, ते बी दुसऱ्याच्या. पाटकरी धावत आला, म्हणाला भरावावर सायकलीला बंदी हाय. मी म्हणालो, सायकल कुठं हाय, ती उसात हाय. तुझ्या आईला सांगितलं, खरचटलं ते उसाचं पाचट काढताना.

तुला कोकणातल्या उताराचं लई कौतुक. बाभळीच्या काट्यातनं सायकल चालवून दाखव मला. दर दोन दिसाला चाकातली हवा जाती. जोतीराम म्हणतो देशावर सायकल चालवणारा कुठंबी चालवंल.

आता मला आपसूक चालवता येतीया. पण ती वाईट हाय का ते अजून ठरलं न्हाय. आणखी थोडे दिस बसून बघायला लागंल.

तात्या

---

सांगवी, शेतातलं खोपट
१९ नोव्हेंबर १९३६

सारजा,

वर पत्ता बघितलास? आता रडू नको, हसू बी नको. वाच.

दिवाळी झाली. भाऊबीजेला तुझा मामा शेळगावासनं आला, आईकडनं ओवाळून घ्यायला. मी सकाळीच पाटावर गेलो व्हतो. आता खरं सांगतो, मी हल्ली रोज जातो. माळेगावाच्या पुढं भरावावर दोन्ही बाजूंनी बाभळी हायेत, खाली पाणी संथ चाललेलं असतं, बगळे बसलेले असत्यात. तितं माणूस भेटत न्हाय. त्या वाटंवर मला कुणी पाण्याची पाळी विचारत न्हाय, उसाचा भाव विचारत न्हाय, आन् 'दत्तोबा, लेकीचं काय झालं' असं बी विचारत न्हाय. कधी कधी सायकल थांबवतो आन् उगंच उभा राहतो. तू शांत रस्ता म्हणालीस तो हाच असंल तर मी मार्चात जे मसणवाटंचं लिहिलं ते फाडून टाक.

पण सणाच्या दिवशी वेळेचं भान राहिलं न्हाय. पाटावरनं थेट घरी आलो. म्हंजी सायकलीवर. आन् दारात उतरलो तर आप्पासाहेब उंबऱ्यात उभा. कपाळाला ओल्या कुंकवाचा टिळा, हातात करंजी.

त्यानं सायकलीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. करंजी सावकाश खाल्ली. मग म्हणाला, "दाजी. उंबरा."

हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात ते ह्ये. सारजा, मी ती शपथ तुझ्यासाठी घेतली व्हती. ती मला लागू व्हईल ह्ये माझ्या सात पिढ्यांच्या ध्यानात आलं नसतं. मी तुला वादात हरवायला म्हणून बसलो आन् स्वतःच्या घराबाहेर पडलो.

गावातली माणसं गोळा झाली. गुरव बी आला. तो म्हणाला, शपथेत 'कुणी का असंना' म्हटलं व्हतं, मी ऐकलंय. मग आप्पासाहेब, तो काय वाईट माणूस न्हाय, हळूच म्हणाला, "दाजी, सोपं हाय. सायकल सोडली असं म्हणा आन् आत या. करंज्या गार व्हायला लागल्यात." सगळी वाट बघत व्हती. तुझी आई दाराआड तबक घेऊन उभी व्हती.

म्हणायचं किती, दोन शब्द. सायकल काय माझी बी न्हाय, जोतीरामाची हाय. मी तोंड उघडलं. आन् मला ते म्हणता येईना. बाभळी डोळ्यापुढं आल्या, ते पाणी, ती सकाळ. म्हटलं ही सोडली असं मी ह्या लोकांपुढं कशापायी म्हणू? मी कुणाचं काय वाईट केलंय? आन् असं मनात आलं तसा मला तुझा राग यायचा थांबला, कारण तू बी मला ह्येच लिहीत व्हतीस, सात म्हैनं. मी तोंड मिटलं, सायकल फिरवली आन् शेतात आलो.

आता खोपटात राहतो. तुझी आई भाकरी घेऊन येती. अजून नीट बोलत न्हाय, पण परवा भाकरी ठेवून म्हणाली, "बरं झालं. आता कळंल." काय कळंल ते सांगितलं न्हाय.

तू चंपाषष्ठीला ये असं कुठल्या तोंडानं लिहू? माझं घर मलाच बंद हाय.

तात्या

---

सांगवी, खोपट
८ डिसेंबर १९३६

सारजा,

तू लिहिलंस, "तात्या, माझ्यासाठी सोडली म्हणा आणि घरात जा, थंडी पडली आहे. मी येणार नाही, मग प्रश्नच उरत नाही." वा. ही तुझी अक्कल. बापाला घरात घालायला लेकीनं माघार घ्यायची. तू येणार न्हायेस तर मग मी थंडीत कशाला बसलोय? सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाय असं तुझी आई मला म्हणती. हितं ती पीळदार दोघं हायेत असं मला दिसतंय.

पण तुझं पत्र आईला वाचून दाखवलं आन् सगळं बदललं. ती खोपटाच्या दारात बसली व्हती. 'मी येणार नाही' ऐकलं आन् उठली. पदर खोचला. म्हणाली, "मागं बसता येतं का ह्या यंत्रावर?"

मी म्हणालो क्यारेज हाय, पण त्यावर गवताचा भारा ठेवायचा असतो.

"मग मला गवत समजा," म्हणाली आन् बसली. दोन्ही पाय एका अंगाला. माझं धोतर गच्च धरलं. मला म्हणाली देवळाकडनं चला. मी म्हणालो पाटाकडनं जाऊ, तितं कुणी नसतं. तर म्हणाली, "कुणी असावं म्हणूनच बसलीया."

सारजा, अख्ख्या गावातनं न्यायला लावली तिनं मला. देवळापुढनं, चावडीपुढनं, पाणवठ्यावरनं. बायका घागरी खाली ठेवून बघत व्हत्या. आळीतली एक म्हातारी म्हणाली, "कुशाबाई, पडशीला गं." तुझी आई म्हणाली, "पडंन, पण बसून पडंन." चढाला माझा दम गेला. ती उतरली न्हाय. मी म्हणालो उतर, तर म्हणाली, "सारजा उतरती का?" मी म्हणालो घाटात ढकलती ती. मग उतरली आन् चढ संपल्यावर परत बसली.

घरापुढं आलो. ती उतरली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, हात आत घालून दार ओढून घेतलं आन् कुलूप लावलं. गुरव मागनं धावत आलाच व्हता. त्याला म्हणाली, "मी बी बसले. आन् सोडली असं मी बी म्हणणार न्हाय. देवाचा शब्द मोडला न्हाय, कुणीबी आत गेलं न्हाय. आता तो उंबरा आन् ते घर एकमेकाला बघत बसू देत." तीस वर्सं संसार केला आन् बाई मला आज कळली.

बेल-भंडाऱ्याचं वाईट वाटतं. पण तुझ्या आईचं म्हणणं, खंडोबा स्वतः घोड्यावर बसून डोंगरात फिरतो, त्याला चाकाचं काय. मी त्यावर वाद घातला न्हाय. मला आता वाद घालायची भीती वाटती.

आता तुझं. सुट्टी रद्द केली असलीस तर परत माग. मंडणगडावरनं महाडला उजेड असतानाच पोच. वरंध घाटात सायकल ढकल, वर आल्याबरूबर पाणी पी, बसून राहू नको, घामाला वारं लागतं. उतरताना आधी मागचा ब्रेक. भोरला जोतीरामाच्या पाव्हण्यांकडं उतर, मी कळवलंय. शिरवळ, लोणंद सरळ रस्ता हाय. नीरेच्या पुलावर मी सायकल घेऊन उभा असंन. तितनं पुढं पाटाच्या भरावानं संगं येऊ. बाभळीचे काटे बघून चालव, तुला सवय न्हाय. तुझ्या समुद्राइतकं काय न्हाय हितं, पण बगळे हायेत. आन् दमलीस तर थांबू, मी तितं रोज थांबतो.

तुझी आई खोपट सारवतीया. चूल मांडली, दोन कांबळी टाकली. काल सुताराला बोलावलं, तर त्यानं दाराला चौकट करताना खाली लाकूड धरलं, म्हणाला उंबरा बसवतो, त्याबगर दार शोभत न्हाय. मी म्हणालो, लाकूड उचल आन् घेऊन जा. उंबरा बसवू दिला न्हाय. जमीन बाहेर हाय तशीच आत हाय. चाक अडकणार न्हाय, बघून घेतलंय.

सायकल घेऊनच आत ये.

आशीर्वाद. फेब्रुवारीपासनं राहिलेले सगळे.

तात्या